चेहऱ्याचे पाचट काढा, पण जाळू नका



आपल्या या अंकातून लागण, खोडवा, ठिबक आणि माती परीक्षण यांविषयी नेहमीच माहिती येते. आज चेहऱ्याच्या कातडीवरचा लेख पाहून काहींना हसू येईल. "कारखान्याच्या अंकात हे स्नो-पावडरचं काय काढलंय?" असेही कुणी म्हणेल. परंतु महिला सभासदांच्या बैठकीत हा प्रश्न अलीकडे वारंवार निघतो आहे. त्यातच आमच्या घरी एक प्रकार घडला, म्हणून मुद्दाम लिहावेसे वाटले.

माझ्या थोरल्या वहिनींचे वय बावन्न. तीस वर्षे उन्हातान्हात शेतात राबलेल्या. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले, तेव्हा मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली चित्रफीत पाहून त्यांनी अर्धे लिंबू घेतले, त्यावर साखर घातली आणि चेहऱ्यावर खसाखसा चोळले. तोंड धुतले न धुतले आणि तशाच भांगलणीला गेल्या. दुसऱ्या दिवशी चेहऱ्याची आग होऊ लागली. नंतर दोन्ही गालांवर रस ओघळल्याच्या जागी काळे पट्टे उमटले. "भावजी, मांडवात तोंड दाखवायची सोय राहिली नाही बघा," असे म्हणून त्या रडू लागल्या.

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, एक मलम आणले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. लग्न थाटात पार पडले. मलम बंद केले आणि आठवडाभरात चेहरा लालबुंद झाला, पुटकुळ्या आल्या, चुलीपुढे बसवेना. तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की मलमात स्टिरॉइड होते. चेहरा पूर्ववत व्हायला आठ महिने लागले. हे सारे वहिनींच्या परवानगीनेच लिहितो आहे. त्या म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. पण लिंबू चोळायच्या ऐवजी मी काय करायला हवं होतं, तेवढं नीट लिहा."

तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

कातडी कशी बदलते

आपल्या कातडीच्या वरच्या थरात तळाशी नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, सुकतात, मरतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. तरुणपणी हा फेरा साधारण अठ्ठावीस दिवसांत पुरा होतो. वय वाढते तसा तो लांबतो, आणि उतारवयात त्याला दीड-दोन महिनेही लागतात. मेलेल्या पेशी वेळच्या वेळी गळत नाहीत, त्यांचे थर कुठे जाड तर कुठे पातळ राहतात. त्यामुळे चेहरा खरखरीत लागतो, निस्तेज दिसतो आणि डाग अधिक गडद वाटतात.

या मेलेल्या पेशी बाजूला करणे याला इंग्रजीत एक्सफोलिएशन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हे चेहऱ्याचे पाचट काढणे होय. उसाची खालची वाळलेली पाने काढली, की हवा खेळते, किडीला थारा राहत नाही. पण हुरूप आला म्हणून वरची हिरवी पाने ओरबाडली, तर ऊस उपाशी राहतो. चेहऱ्याचेही तसेच. सगळ्या मेलेल्या पेशी काही कचरा नव्हेत. भिंतीत विटा आणि गारा असतो, तशा या पेशी आणि त्यांच्यामधली चरबी मिळून एक भिंत होते. ती आतले पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवते. उतारवयात ही भिंत आधीच कोरडी आणि नाजूक झालेली असते. म्हणून वरचे सुटत आलेले तेवढेच काढावयाचे, भिंत पाडावयाची नाही.

वय किती आणि ऊन किती

एक साधी परीक्षा करून पाहा. आरशापुढे उभे राहून दंडाची आतली बाजू चेहऱ्याशेजारी धरा. दोन्हीकडची कातडी एकाच वयाची, पण दंडाची मऊ आणि एकरंगी, तर गालाची जाड, डागाळलेली, सुरकुतलेली. हा फरक मुख्यतः उन्हाचा आहे. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या आतल्या थरातील कोलॅजन नावाचे तंतू तोडतात. ढगाळ दिवशीही ते पुष्कळसे खाली पोहोचतात.

म्हणून अपेक्षा आधीच नेमकी ठेवलेली बरी. घरच्या उपायांनी चेहरा मऊ होतो, थोडा उजळतो, वरवरचे डाग फिके पडतात, बारीक रेषा कमी जाणवतात. खोल सुरकुत्या, सैल पडलेले गाल आणि मुळापासूनचा वांग घरच्या उपायांनी जात नाहीत. कुणी जातात म्हणून सांगितले, तर समजावे की त्याला काहीतरी विकावयाचे आहे.

पहिली रीत : घासून काढणे

बेसन किंवा मसूर डाळीचे पीठ, साय, हळद हे आपले जुने उटणे. पीठ वस्त्रगाळ असेल, हात हलका असेल आणि आठवड्यातून एकदाच लावले, तर बहुतेकांना ते सोसते. चूक होते ती पीठ जाडसर असण्यात आणि वाळून कडक झालेला लेप ओरबाडून काढण्यात. लेप ओला असतानाच पाण्याने सोडवावा.

दिवाळीला सभासदांना सवलतीत मिळणारी साखर पुष्कळजणी चेहऱ्याला लावतात, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. आपण साखरेचे दाणे एस-३०, एम-३० असे प्रतवारीने ओळखतो. दाणा कोणत्याही प्रतीचा असो, तो स्फटिक आहे आणि स्फटिकाला धारदार कडा असतात. हाताच्या तळव्यांना, कोपरांना आणि टाचांना साखर व खोबरेल तेल चोळण्यास हरकत नाही. चेहऱ्याची, त्यातही पन्नाशीनंतरची पातळ कातडी त्यासाठी नाही. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा घातलेले तयार स्क्रब मिळतात, त्यांचीही तीच गत. साखर निदान पाण्यात विरघळते, टरफल तेही करत नाही.

घासूनच काढावयाचे असेल, तर मऊ सुती फडके कोमट पाण्यात भिजवून, पिळून, चेहऱ्यावरून गोलाकार हलके फिरवावे. यास खर्च नाही आणि धोकाही कमी. पुरुष सभासदांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. वस्तऱ्याने किंवा ब्लेडने दाढी करताना मेलेल्या पेशींचा वरचा पापुद्रा आपोआपच निघतो. दाढीच्या जागी वेगळे घासण्याची गरज नाही. कपाळ आणि नाक तेवढे राहतात.

दुसरी रीत : सैल करून काढणे

दुसऱ्या रीतीत घासणे नाही. सौम्य आम्ल लावले, की मेलेल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा सैल होतो आणि त्या आपणहून सुटतात. या आम्लांपैकी ग्लायकोलिक आम्ल हे उसात आढळते, ही आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याताकातले. साखर किंवा मळी जिवाणूंकडून आंबवूनही ते तयार करतात. १९७४ साली अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या रोग्यांवर या जातीची आम्ले वापरून पाहिली आणि खवले सुटू लागल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हीच आम्ले वयस्कर चेहऱ्यासाठीच्या मलमांत आली.

येथे काहींच्या मनात येईल, की मग उसाचा रसच तोंडाला लावला तर? तसे होत नाही. रसात ग्लायकोलिक आम्ल अगदी थोडे असते, बाकी पाणी आणि साखर. रस लावून बसल्यास मुंग्या तेवढ्या येतील. बाजारातले ग्लायकोलिक आम्ल बहुतांशी रसायनांच्या कारखान्यातच तयार होते. तेव्हा बाटलीवर उसाचे चित्र आहे म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

आता सामू पाहू. माती परीक्षणाच्या अहवालामुळे हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. सात म्हणजे उदासीन, खाली गेले की आम्ल, वर गेले की विम्ल, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. ताज्या रसाचा सामू पाचाच्या थोडा वर असतो. निरोगी कातडीचा साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असतो. लिंबाच्या रसाचा दोन-अडीच, म्हणजे कातडीपेक्षा शेकडो पटींनी आंबट. अंगाच्या साबणाच्या वडीचा बहुधा नऊ-दहा, खाण्याच्या सोड्याचा आठाच्या पुढे. लिंबू भाजते आणि सोडा कोरडे पाडतो, त्याचे कारण हे. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी या जातीच्या आम्लांचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत आणि सामू साडेतीनपेक्षा कमी नसावा, अशी मर्यादा सुचवलेली आहे. आपणही तीच लक्ष्मणरेषा मानावी.

कुणी काय निवडावे

कातडी कोरडी, पातळ असेल, तोंड धुतल्यावर ओढल्यासारखे होत असेल, तर पाच टक्के लॅक्टिक आम्लापासून सुरुवात करावी. ते ग्लायकोलिकपेक्षा सौम्य असून ओलावाही धरून ठेवते.

कातडी उन्हाने जाड, राकट झाली असेल आणि सहज चुरचुरत नसेल, तर पाच टक्के ग्लायकोलिक घ्यावे. याचा कण या जातीत सर्वांत लहान, त्यामुळे ते लवकर आत शिरते. गुणही लवकर येतो आणि त्रासही लवकर होतो.

चेहरा तेलकट असेल, नाकावर काळे ठिपके असतील, तर एक ते दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल बरे. ते तेलात मिसळते, म्हणून छिद्रांत उतरते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ते टाळावे.

कोणत्याही साबणाने, पावडरीने चेहरा चुरचुरत असेल, तर ग्लुकोनोलॅक्टोन नावाचे अधिक सौम्य आम्ल मिळते, ते पाहावे, नाहीतर मऊ फडक्यावरच भागवावे.

एका वेळी एकच निवडावे. शेजारणीकडचे एक, जाऊबाईंचे एक आणि उटणे वेगळे, असे मिश्रण करू नये. खरेदी करताना वेष्टनावर आम्लाचे नाव, टक्केवारी आणि मुदत छापलेली आहे ना, ते पाहावे. टक्केवारी नसेल तर घेऊ नये. लहान बाटली घ्यावी. आम्ल घातलेला फेसवॉश मिनिटभरातच धुऊन जातो, म्हणून त्याचा गुण थोडाच.

वापरण्याची रीत

पहिले तीन दिवस चाचणीचे. कानामागे थोडे लावून पाहावे. लाली, खाज, फोड आले नाहीत, तरच चेहऱ्याकडे वळावे.

रात्री सौम्य साबणाने किंवा नुसत्या पाण्याने तोंड धुवावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. हरभऱ्याच्या दाण्याएवढे मलम संपूर्ण चेहऱ्याला पुरते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडावेत. तेथे आधी थोडे व्हॅसलीन लावून ठेवले तर अधिक बरे. किंचित चुणचुण होऊन पाच-दहा मिनिटांत थांबली, तर घाबरण्याचे कारण नाही. आग वाढत गेली, तर लगेच गार पाण्याने धुऊन टाकावे. त्यानंतर साधे ओलावा देणारे क्रीम लावावे.

पहिला महिना आठवड्यातून एकदा, सोसल्यास पुढे दोनदा. उतारवयात याहून जास्त बहुधा लागत नाही. पुरुषांनी दाढीच्या दिवशी आम्ल लावू नये. गुण दिसण्यास दोन-तीन महिने जातात. कातडीचा फेराच तेवढा लांबलेला असतो, तेथे घाई करून काय उपयोग?

सकाळचे काम अधिक मोठे

रात्रीच्या मलमापेक्षा सकाळची काळजी महत्त्वाची आहे, ही गोष्ट अधोरेखित करून ठेवावी. ग्लायकोलिक लावल्याने कातडीला ऊन अधिक बाधते, आणि हा परिणाम मलम बंद केल्यावर आठवडाभराने ओसरतो. म्हणून ज्याला उन्हापासून चेहरा झाकणे जमणार नाही, त्याने आम्लाच्या वाटेला जाऊच नये.

शेतात जाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावावे. दोन बोटांच्या लांबीएवढे चेहरा, मान व कान यांना पुरते. घामाने ते जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. त्यावर रुंद काठाची टोपी किंवा जाड सुती ओढणी हवी. आपली गांधी टोपी मानाची खरी, पण तिची सावली ना गालावर पडते, ना कानावर. शक्य तेथे भांगलण सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर उरकावी.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात नवा उपाय सुरू करू नये. आषाढी वारीला पायी निघणाऱ्यांनी निघण्याआधी आठ दिवस आम्ल बंद ठेवावे. घरातले लग्न महिनाभरावर आले असेल, तर नवे काहीच करू नये. आमच्या वहिनींची चूक झाली ती नेमकी येथे.

हे करू नये

लिंबू चेहऱ्याला लावू नये. आंबटपणा तर आहेच, शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक आहेत, की ते कातडीवर असताना ऊन लागले, तर कातडी भाजते आणि काळी पडते. आपल्या सावळ्या कातडीवर भाजल्याचा किंवा सुजेचा काळा डाग महिनोन् महिने राहतो.

तीस, पन्नास, सत्तर टक्क्यांचे पील मोबाइलवरून मागवता येतात. ते डॉक्टरांच्या हातात शोभतात, आपल्या न्हाणीघरात नव्हे. पाचट जाळू नका, असे आपण या अंकातून वरचेवर सांगतो. जाळले की वरचा कचरा जातोच, पण जमिनीतले उपयुक्त जिवाणूही होरपळतात. कडक आम्लाने चेहऱ्याचे तेच होते.

आठ-पंधरा दिवसांत गोरे करणारे मलम चिठ्ठीशिवाय घेऊ नये. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती हातोहात मिळतात, हे आपण सारे जाणतो. स्टिरॉइड हे योग्य रोगावर, योग्य दिवसांपुरते उत्तम औषध आहे. गोरेपणासाठी रोज लावले, तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि सोडले की भडका उडतो. वेष्टनावर कशाचेच नाव नसलेल्या काही गोरे करणाऱ्या मलमांत पाराही सापडलेला आहे. तो मूत्रपिंडे बिघडवतो.

उसाच्या पात्याने चेहऱ्यावर ओरखडे उठले असतील, तर ते भरून येईपर्यंत आम्ल, उटणे, घासणे सारे बंद. फवारणी करून आल्यावर प्रथम तोंड स्वच्छ धुवावे, त्या रात्री दुसरे काही लावू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

चेहऱ्यावर इसब, नागीण किंवा उघडी जखम असेल, डॉक्टरांनी रेटिनॉइडचे मलम दिले असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय आम्ल लावू नये. गरोदर भगिनींनी रेटिनॉइड टाळावे आणि बाकीचेही विचारूनच वापरावे. दोन्ही गालांवर आणि कपाळावर सारखा पसरलेला वांग असेल, तर तो घासून वाढतो.

सर्वांत महत्त्वाचे असे, की एखादा तीळ किंवा डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, किंवा एखादी जखम महिनाभरातही भरत नसून वरचेवर खपली धरून पुन्हा रक्त येत असेल, तर त्यावर घरचा कोणताही उपाय न करता तज्ज्ञाला दाखवावे. आपल्याकडे कातडीचा कर्करोग कमी आढळतो, पण आढळतो. लवकर कळला तर बहुधा पूर्ण बरा होतो. तीळ समजून तो चोळत बसण्यात वेळ जातो आणि मग उशीर होतो.

बंधू-भगिनींनो, उन्हात राबलेला चेहरा ही लाजेची गोष्ट नव्हे. त्याच उन्हात आपला ऊस पिकला, मुले शिकली. तरीही चेहरा मऊ असावा, आरशात पाहून बरे वाटावे, असे कुणाला वाटले, तर त्यात गैर काय? फक्त ते बेताने करावे. आधी सावली, मग ओलावा आणि शेवटी पाचट, असा क्रम ठेवावा.

आमच्या वहिनी आता रुंद काठाची टोपी घालून भांगलणीला जातात. पहिले चार दिवस बायका हसल्या. आता त्यांच्यातल्या तिघींनी तशीच टोपी आणली आहे.